आपण फिरवलेला नंबर

अक्कांचं नाव निघालं की जळगावची माणसं अजून हळवी होतात. मी होत नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून नोकरी केली आहे, त्यामुळे मला आधी आठवतो तो वेफरचा आवाज. आमचा टेलिफोनचा ट्रंक बोर्ड, कानाला हेडसेट, हातात कॉर्ड, आणि अक्कांच्या मांडीवर वर्तमानपत्राच्या कागदात केळीचे वेफर. कुरुम कुरुम चाललेलं. दिल्लीच्या बाजारात केळीचा भाव काय फुटला हे विचारायला तळमळत असलेला रावेरचा व्यापारी मधेच विचारायचा, "अक्का, काय खाताय?" आमच्यापैकी दुसरं कोणी बोर्डावर खाल्लं असतं तर हातात मेमो पडला असता. अक्कांच्या हातात दुसऱ्या दिवशी त्याच व्यापाऱ्याने पाठवलेला वेफरचा पुडा पडला. मला सांगा, कोणाचं पोट दुखणार नाही?

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. गावातल्या गावात डायल फिरवून फोन लागायचा, पण चाळीसगाव म्हणा, धुळे म्हणा, मुंबई म्हणा, गावाबाहेर बोलायचं तर आमच्याकडे कॉल बुक करावा लागायचा. बोर्डावर दिवा लागला की कॉर्ड खोचायची, "ट्रंक बुकिंग" म्हणायचं, नंबर टिपून घ्यायचा आणि लाइन मिळाली की दोन्हीकडची माणसं जोडून द्यायची. एवढंच काम. मी ते नियमाने करत होते. त्यातून माझा आवाज चांगला. हे मी स्वतः सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. शाळेत प्रार्थना मी सांगायचे, कॉलेजात गॅदरिंगचं निवेदन माझ्याकडे. तरी दिवसातून कितीदा तरी पलीकडचा माणूस माझं स्वच्छ "ट्रंक बुकिंग" ऐकून जरासा थांबायचा आणि म्हणायचा, "अक्का नाहीत का?"

त्या नसत्या तर बरं झालं असतं, असं मी मनात म्हणायचे आणि "आहेत, देते" असं तोंडाने म्हणायचे.

अक्का धुळ्याकडच्या, शिरपूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. हाडापेराने मोठ्या, पदर कायम खोचलेला. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण विचारायला गेलेल्या माणसाची त्याच उलट चौकशी करायच्या आणि तो आपलंच गाऱ्हाणं सांगून परत यायचा. हेडसेटच्या पट्टीला त्यांनी एक मऊ फडकं गुंडाळलेलं असायचं. ते फडकं त्या रोज घरी नेऊन धुऊन आणायच्या. बोलायच्या अहिराणीत. साहेब नागपूरचा असो की मद्रासचा, अहिराणीतच. आणि गंमत म्हणजे त्याला ते कळायचं. मी शुद्ध मराठीत रजेचा अर्ज दिला तर तोच साहेब दोनदा वाचायचा.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे त्या माणसाला नावाने ओळखतच नसत. नंबराने ओळखायच्या. भाजीबाजारात एखादा प्रतिष्ठित माणूस सपत्नीक दिसला की अक्का लांबूनच हाक मारायच्या, "काय हो नऊशे चाळीस, आज घरना फोन कोन उचली?" आणि तो माणूस रागवायच्या ऐवजी फुलायचा. बायकोला सांगायचा, "आपल्या अक्का." पुढे पुढे तर लोकांना त्याचं भूषण वाटायला लागलं. अक्का आपल्याला नंबराने हाक मारतात, म्हणजे आपण गावातले कोणीतरी आहोत. माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता, तेव्हा मी आपली "वं बाई". नंतर खात्यातर्फे जळगावला लागूनच असलेल्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी फोन आला. मी त्यावर क्रोशाचं झाकण विणलं, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आल्या आल्या अक्कांना नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, "हूं." त्या दिवशीही मी वं बाईच राहिले.

त्यांनी स्वतःच्या घरी मात्र फोन घेतला नाही. खात्याचा फोन मिळत असताना नको म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "दिनभर बठ्ठास्नं आयकस. घर जाईसनी कोनंच आयकानं नही माले." दिवसभर सगळ्यांचं ऐकलं, घरी गेल्यावर कोणाचंच नको.

आता त्यांचं काम कसं चालायचं ते सांगते, म्हणजे माझा जीव का जळायचा ते कळेल. बोलायची वेळ संपली की आम्ही मधे जाऊन सांगायचं, "आपली तीन मिनिटे पूर्ण झाली आहेत." अक्का मधे जाऊन म्हणायच्या, "आवरा आते. बाकीनं पत्रमा लिखा." कोणाच्या घरी कोणी वारल्याचा निरोप असला तर त्या कॉल लगेच जोडत नसत. आधी पलीकडे विचारायच्या, घरात मोठं कोण आहे, आबा आहेत का, नाना आहेत का, त्यांना फोनजवळ बसवा, पाणी द्या, मग जोडते. एकदा दोन सख्खे भाऊ, एक रावेरला आणि एक जळगावला, धंद्यावरून कचाकचा भांडत होते. अक्कांनी मधेच कॉर्ड उपटली आणि दोघांनाही सांगितलं, "लाइन खराब शे. दुपारले लावस." लाइनला काहीएक झालेलं नव्हतं, मी शेजारीच होते. दुपारी त्यांनी लाइन जोडून दिली तेव्हा दोघं भाऊ इतक्या हळू बोलत होते की मला वाटलं, आता खरंच लाइन खराब झाली. काही दिवसांनी जळगावचा भाऊ बर्फी घेऊन आला. अक्का म्हणाल्या, "हिलेबी द्या." मला एक तुकडा मिळाला. मी तो खाल्ला, पण काय सांगू, घशाखाली उतरेना.

हे सगळं नियमाबाहेर होतं. मी नियमात होते. आणि लोक मला विसरायचे, अगदी माझ्याशी बोलत असतानाच विसरायचे.

मग आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. मागच्या अंगणात नवी इमारत झाली, गार हवेची खोली झाली, आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. बाहेरून इंजिनीयर आले. आता गिऱ्हाइकाने घरूनच डायल फिरवायचा आणि थेट मुंबई, थेट दिल्ली. मधे बाई नको. कुठली लाइन बिघडली ते यंत्र स्वतःच कागदावर छापून सांगणार. सगळ्यांचे नंबरही बदलणार होते, पुढे एक आकडा वाढणार होता. अक्कांना यातलं काही टोचलं असेल तर ते नंबर बदलण्याचं. "मानूसनं नाव असं एक दिनमा बदलस का?" असं त्या साहेबांना विचारून आल्या. आम्हा बाकीच्यांना घोर वेगळाच होता. बोर्ड लहान होणार, थोड्या जणी जळगावात राहणार आणि उरलेल्यांची धुळ्याला बदली होणार, हे उघड होतं. माझं घर पिंप्राळ्यात, यांची बँक जळगावात, मुलीची शाळा चालू. धुळ्याचं नाव निघालं की मी विषय बदलायचे.

अशातच एक दिवस साहेबांनी सांगितलं की चुकीचा नंबर फिरवला तर यंत्रातून मराठीत सूचना ऐकू आली पाहिजे, आणि ती आपल्यातल्याच कोणीतरी बोलायची आहे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिचा आवाज यंत्रात, तिला धुळ्याला कसे पाठवतील? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळं गाव माझा आवाज ऐकेल, आणि यंत्राला कोणी "अक्का नाहीत का" असं विचारू शकणार नाही. हे मला हवं होतं. इतकं हवं होतं की घरी भाकरी थापताना मी ती दोन वाक्यं म्हणत होते. "आपण फिरवलेला नंबर अस्तित्वात नाही. कृपया नंबर तपासून पुन्हा फिरवा."

बोर्डावरच्या बाकीच्या म्हणाल्या, अक्कांचाच आवाज घ्या. अर्थातच म्हणाल्या. साहेब म्हणाले, दोघींचा घेऊन बघू. आम्हाला दुपारी त्या गार खोलीत नेलं. आधी अक्का. समोर मायक्रोफोन ठेवला, हातात कागद दिला. अक्कांनी मायक्रोफोनकडे पाहिलं, मागे पाहिलं, मग साहेबांना म्हणाल्या, "तठे कोन शे?"

"कोणी नाही, अक्का. नुसतं बोलायचं."

"कोनीच नही त बोलू कोनासंगे?"

शेवटी साहेब स्वतः बाहेरच्या खोलीत जाऊन रिसिव्हर कानाला लावून बसले, तेव्हा अक्कांनी तोंड उघडलं. बोलल्या काय, "साहेब, जेवन व्हयनं का?" सगळे हसले. साहेब म्हणाले, कागदावरचं वाचा. अक्कांनी वाचायला घेतलं आणि मधेच थांबल्या. सरळ 'नाही' कसं म्हणायचं, म्हणाल्या. माणसाची काही अडचण असेल, म्हणून तर फोन लावतो. मग त्यांनी आपल्या मनाने सांगितलं, "असा नंबर नही शे हो भाऊ. घाई करू नका. आखो एकडाव देखीसन लावा." खोलीतल्या कोणी हसलं नाही. साहेब दाराशी येऊन उभे राहिले होते. मला त्या गार हवेत घाम फुटला.

पण मजकूर वरून ठरून आलेला होता आणि त्यात 'हो भाऊ' नव्हतं. मग मी बसले. समोर कोणी नसलं तरी माझं काही अडलं नाही, मी आयुष्यभर तशीच बोलत आले होते. पहिलं वाक्य ठाम म्हटलं. दुसऱ्या वाक्यात मी थोडं हसू मिसळलं, माणसाला उभारी यावी म्हणून. "कृपया नंबर तपासून पुन्हा फिरवा." एकदाच म्हटलं आणि इंजिनीयरने अंगठा वर केला. ठरलं, माझाच आवाज.

अक्का बाहेर आल्यावर मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. निदान थोडा तरी उतरलेला चेहरा दिसेल अशी माझी आशा होती. त्यांनी पदराच्या टोकाने कपाळ पुसलं आणि वेफरचा कागद माझ्यापुढे धरला. "साजरं बोलनी," म्हणाल्या. बस, पुढे काही नाही. जिंकल्याचा आनंदसुद्धा त्या बाईने मला धड मिळू दिला नाही.

नवीन एक्स्चेंज सुरू झालं त्या सकाळी एका पुढाऱ्याने हार घालून घेऊन थेट मुंबईला फोन लावला, पेढे वाटले गेले, आणि त्याच क्षणापासून गावातला जो कोणी जुना नंबर फिरवेल त्याला मी ऐकू येऊ लागले. नंबर तर सगळ्यांचेच बदललेले. म्हणजे त्या दिवसांत जळगावात माझ्याइतकं कोणीच बोललं नसेल. मी हवेत होते.

आठवडाभरात रावेरचा तो वेफरवाला व्यापारी ऑफिसात येऊन साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. त्याची जळगावात वखार होती आणि तिथूनच तो फोन लावायचा. तक्रार लेखी नको, तोंडी घ्या म्हणाला. "साहेब, ती नवी बाई बदला. लई गुर्मीची हाये. मी तिले सांगतो, बाई, मह्या पाव्हन्याचा नंबर जोडून दे, अडत्याचा जोडून दे, तं ती आयकतच नाही. एकच घोळ लावेल हाये. नाही, नाही, नाही. अक्का असं कधी बोलल्या नाहीत."

साहेबांनी समजावलं की ती बाई नाही, यंत्र आहे. त्याला ते पटेना. बाई बोलते आहे, मी कानाने ऐकतो आहे, आणि तुम्ही यंत्र म्हणता? तेवढ्यात मी सहीचे कागद घेऊन आत गेले आणि साहेबांना म्हणाले, "सर, कृपया हे तपासून घ्या." तो माणूस गर्रकन वळला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हीच ती."

मी काय करावं? हसावं तर ऑफिसभर हसू आधीच पसरलेलं. शेवटी अक्कांना बोलावणं गेलं. त्या आल्या, त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमना नंबर जुना शे. ती खरं सांगस. ती आखो पुढे काय बोलस, ते आयकं का?"

"पुढे कोन आयकते? नाही म्हटलं का ठेवून देतो माणूस."

म्हणजे माझं दुसरं वाक्य, ज्यात मी हसू मिसळलं होतं, ते गावात कोणी ऐकतच नव्हतं. मी 'नाही' म्हणताच लोक फोन आपटत होते. ते ऐकून मला इतकं लागलं की मी तिथून सरळ बोर्डावर येऊन बसले. त्या दिवसानंतर मी गावात 'नाही म्हणणारी बाई' झाले. किराणा दुकानात मी साखर मागितली तरी दुकानदार हसायचा. यांनीसुद्धा एकदा घरात विचारलं की चहा अस्तित्वात आहे का. त्यांना मी दोन दिवस चहा दिला नाही.

आणि बोर्डाचं काय झालं, तर बोर्ड लहान झाला. चौकशीच्या टेबलावर एकच जुनी बाई ठेवायची होती. गावातल्या व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी, वकिलांनी साहेबांना गाठून सांगितलं की यंत्र ठेवा, पण अक्कांना हलवू नका. माझ्यासाठी कोणी आलं नाही. मी साहेबांना म्हटलं, सर, आवाज माझा आहे. साहेब मनाने वाईट नव्हते, पण पटकन बोलून गेले, "अहो, तुमचा आवाज इथे राहणारच आहे. मग तुमचं इथे काय अडलंय?"

यांनी बँकेतून धुळ्याला बदली मागून घेतली. पिंप्राळ्याचं घर भाड्याने दिलं, मुलीचा दाखला काढला, फोन खात्याला परत केला. क्रोशाचं झाकण तेवढं मी सोबत घेतलं. निघायच्या दिवशी अक्का एस.टी. स्टँडवर आल्या होत्या. त्यांनी वेफरचा पुडा मुलीच्या हातात दिला. मला काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही नाही.

धुळ्यात मी सुखाने राहिले, तक्रार नाही. पण जळगावचं कोणी भेटलं की अक्कांचंच नाव काढायचं. अक्कांनी असं केलं, अक्का तसं म्हणाल्या. अक्का रिटायर झाल्या तेव्हा म्हणे चौकशीच्या टेबलावर हारांचा ढीग पडला होता. माझ्या आवाजाबद्दल कोणी एक शब्द बोलायचं नाही. माझा आवाज तिथे रोज राबत होता आणि लोक तो कानावरून दूर करत होते.

काही वर्षांनी एका लग्नासाठी जळगावला गेले. दुपार मोकळी होती. अक्कांकडे मी का गेले याचं कारण सांगायचं तर मला बघायचं होतं, बोर्ड नाही, लोक नाहीत, अशा त्या कशा दिसतात. जुन्या गावातल्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. मी बसते न बसते तोच शेजारची बाई डोकावून गेली, मग एक म्हातारे नाना आपल्या मुलाच्या बदलीचं विचारून गेले. अक्का तशाच होत्या, पदर खोचलेल्या. आमचा चहा होईपर्यंत मी दोनदा मनातल्या मनात जळून घेतलं.

मग मला कोपऱ्यात स्टुलावर काळा फोन दिसला. खाली तेच हेडसेटचं मऊ फडकं घातलेलं, धुऊन स्वच्छ.

"अक्का, तुम्ही फोन घेतला? कधी?"

"तू धुळाले गई तवय."

"कोणाचं ऐकायचं नव्हतं ना तुम्हाला घरी? आता कोणाला करता?"

अक्का उठल्या. रिसिव्हर उचलला आणि न बघता डायल फिरवायला लागल्या. त्यांचं बोट कुठून कुठे जातं ते माझ्या डोळ्यांना आपोआप कळतं, तो आमचा धंदाच होता. पहिला वाढीव आकडा, आणि मग आमचा पिंप्राळ्याचा नंबर. परत केलेल्या फोनचा. त्यांनी रिसिव्हर माझ्या कानाला लावला. मी बोलत होते. इतक्या वर्षांपूर्वीची मी, ठाम आवाजात. आपण फिरवलेला नंबर अस्तित्वात नाही.

"तुनाच नंबर शे," अक्का म्हणाल्या. "मी लावस, तूच उचलस. ऑफिसमा सांगी ठेवेल शे, हाऊ नंबर दुसरा कोनले देवाना नही."

आणि ऑफिसाने ते ऐकलं होतं. तिथेही ऐकलं होतं.

"शेजारी बठीसनी इतला वरीस, तू माले धड बोलनी नही," त्या सहज म्हणाल्या, चहात साखर कमी आहे असं सांगावं तशा. "आते रोज बोलस."

मी म्हटलं, "अक्का, मी आहे ना इथे. बोला ना माझ्याशी."

त्यांनी रिसिव्हर माझ्या कानावरून काढून स्वतःच्या कानाला लावला. ती परत पहिल्यापासून सुरू झाली होती. मला राग आला तिचा, जशी कुणा परक्या बाईचा यावा तसा. मी पुन्हा काहीतरी म्हणायला गेले, तर अक्कांनी तळहात वर करून मला गप्प राहायची खूण केली, मान हलवत तिचं पहिलं वाक्य ऐकलं, आणि मग दुसरंही, अगदी शेवटपर्यंत.